माया

दर दुसऱ्या रविवारी, साडेदहाला, साखर पेठेत,
वाचनालयाच्या माडीवर आमचं वंशावळ मंडळ.
पंखा एकच, तोही बिराजदार बाईंच्या डोक्यावर.
बाई रेकॉर्ड रूममधून निवृत्त. फळ्यावर आधी
एक लांब रेघ ओढतात,
मग हात न उचलता तिला अक्षरं लटकावत जातात,
दोरीवर वाळत घातलेल्या परकरांसारखी.
"मोडीत ऱ्हस्व-दीर्घ एकच, घाबरायचं नाही."
मला तर मराठीतही एकच.

आम्ही नऊ जण. कय्यूमभाईंना सनद हवी आहे,
कोळी सरांना उजनीच्या पाण्याखालचं गाव.
चिप्पांची सून येते सासूच्या माहेरासाठी.
सासू येत नाही. तिला सगळं पाठ आहे, सांगत नाही.

मी शाळांचे युनिफॉर्म शिवते.
हात सरळ चालतो म्हणून तक्ते आखायचं काम माझ्याकडे.
पुरुषाला चौकोन, बाईला गोल,
कागद सापडला तर शाई, नाहीतर पेन्सिल.
माझा अर्धा तक्ता पेन्सिल.
बिराजदारांकडे बैलावर बसून हेळवी यायचा,
सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवायचा, ज्वारी घेऊन जायचा.
आमच्याकडे कोण येणार?
आम्हीच दुसरीकडून आलेले, मागाचा धोटा कमरेला खोचून.

तर माझे आजोबा. घरात आम्ही तात म्हणायचो.
गुर्रम नरसय्या राजय्या, साचेखाते, रात्रपाळी.
साठ झाले म्हणून गिरणीनं घरी पाठवलं,
आणि तात म्हणत राहिले, मी सत्तावन्नचा आहे,
माझी तीन वर्षं मालकानं खाल्ली.
आम्ही हसायचो. म्हातारी माणसं.
पुढे रोज डबा घेऊन निघायचे,
गिरणीसमोरच्या मोरीवर बसायचे पाळी सुटेपर्यंत.
मग एक दिवस म्हणाले, आजपासून डबा नको.
का ते कुणी विचारलं नाही.

"जन्माचं पान बघितलंत," बाई म्हणाल्या,
"आता मृत्यूची वही बघा, त्याच्या पुढच्या वर्षांची."
म्हटलं, बाई, ते तर माझ्या लग्नात जेवले.
"तरी बघा."

सन एकवीस. जन्म. राजय्याचा मुलगा, नरसय्या.
सन तेवीस. मृत्यू. राजय्याचा मुलगा, नरसय्या.
वय दोन. कारण, ताप.
सन चोवीस. जन्म. राजय्याचा मुलगा.
नावाचा रकाना कोरा.

हे वाचायला मला पाऊण तास लागला.
बाईंनी मध्ये एकदाही सांगितलं नाही.
नंतर चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाल्या,
"एका नावाची दोन माणसं असतात, गुर्रमबाई."

राजय्याकडे देवी टोचल्याची एकच चिठ्ठी असणार.
शाळेत तीच दिली असेल.
नाव चिठ्ठीतलं, तारीख चिठ्ठीतली, पोरगा दुसरा.
हे मी म्हणते, वहीत नाही.
"मग पेन्सिल," बाई म्हणाल्या.

म्हणजे मालकानं नाही खाल्ली.
आणि ज्यानं खाल्ली त्याला दातही पुरते आले नसतील.
तो तातांचा अण्णा. तातांना ठाऊक होता का?
की थोरल्याचा सदरा धाकट्याला होतो,
तसं नाव आलं अंगात, ढगळ,
आणि कुणी सांगितलंच नाही कुणाचं ते?

डाव्या बाजूला एक चौकोन वाढवला.
आत तेच नाव. खाली, एकवीस ते तेवीस.
हा मात्र शाईनं.
कय्यूमभाईंनी सगळ्यांना चहा सांगितला,
आणि चिप्पांची सून उगाच माझ्या शेजारी येऊन बसली.

घरी आले, मशीनवर पाचवीच्या पोरांच्या चड्ड्या होत्या.
पोर वाढतं, म्हणून आम्ही शिवणीत माया सोडतो,
दोन बोटं, आतल्या अंगाला, वरून दिसत नाही.
तातांची कुणी उसवून बघितली नव्हती.