तासगाव, बेदाण्याची शेड

बसूकाका बाहेरगावी गेलाय, म्हणालो होतो.
तर अक्कू रोज विट्याची एस्टी यायच्या वेळी
कट्ट्यावर, त्याच्या चपला घेऊन.

शेवटी शेडमध्ये बसवलं तिला,
जाळ्यांखाली, त्या गोडसर वासात.
"काका मेला, अक्कू. स्वतःच्या हातानं.
मन फार आजारी होतं त्याचं.
आम्हाला नीट कळलंच नाही."

ती बेदाण्यातल्या काड्या वेचत राहिली.
"मी त्याचा रेडिओ पाडला म्हणून?"
"नाही."
"कट्टी घेतली म्हणून?"
"नाही गं. तुझ्यामुळं नाही. कुणामुळंच नाही."

काड्यांचा ढीग झाला एवढासा.
"तुझं मन आजारी पडलं तर?"

तोंडातला बेदाणा गिळवेना.
"सांगेन की. डॉक्टरला. तुझ्या आईला."

"मलापण. आणि मोठ्यानं सांग.
इथं मशीन चालू असतं."