नमुन्यांची वही

कुमासीच्या बाजारामागे
अमोआटेंग न्हाव्यांच्या पाट्या रंगवतो.
त्याच्या नमुन्यांच्या वहीत, प्लॅस्टिकच्या कप्प्यांत,
डोकीच डोकी.

काल एक पोरगा पानं उलटताना हसला :
"काका, हे केस तर माझ्या बापाचे!"

हसला तर हसला.
पण रात्री, वीज गेलेली असताना,
मोबाइलच्या उजेडात
त्याने चार डोकी बाहेर काढली,
चार नवी रंगवली.
कानावर तिरपी रेघ कोरलेली,
मानेशी धुरासारखी विरत गेलेली.
एकाचं नाक बिघडलं. असू दे,
गिऱ्हाईक नाक बघत नाही.

जुनी मात्र टाकवेनात.
त्यातलं एक अडोमाकोचं,
ज्याने पहिली पाटी करून घेतली,
निम्मे पैसे बुडवले
आणि परवाच्या ईस्टरला गेला.
त्याचे केस असे चौकोनी,
वर कप ठेवला तर सांडू नये.

शेवटी नव्यामागे जुनं सरकवलं,
एकेका कप्प्यात दोन दोन.
वही आता नीट मिटत नाही,
सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलीय तिला.

सकाळचं पहिलं गिऱ्हाईक
अंगठ्याने कप्पा चाचपतं :
"ह्याच्या मागे काय आहे?"

"मागचे केस,"
अमोआटेंग म्हणतो
आणि पान उलटतो.