यंदाची यादी

दर डिसेंबरात वीजबिलाच्या पाठीवर
मी वर्षाचे दहा अल्बम लिहितो
आणि दिघीला फोन करून जोसेफला वाचून दाखवतो.
तो त्यातले सहा खोडतो.

यंदा पाचच झाले.

पिंपरीच्या पोरांचा ‘तिसरी पाळी’:
गिटारी अशा, की पत्रा कापतायत.
झांजा कुठे गेल्या कळेना.
रेकॉर्डिंग भिकार आहे, म्हणालो.

मग इरावती टेंभेंचा ललत,
कर्वेनगरात, राहत्या फ्लॅटमध्येच मुद्रित केलेला.
विलंबितात शेजारचा कुकर वाजतो
आणि बाईंनी तो काढला नाही,
असं जोसेफ म्हणतो.
मला कुकर ऐकूच आला नाही.

एरंडवण्यात, कापूस ठासलेल्या खोलीत
हातात एक बटण दिलं: पीप आलं की दाबा.
मी बसून राहिलो.
काचेपलीकडची मुलगी मान हलवत होती,
मला वाटलं, सम दाखवतेय.
कागदावरची रेघ डावीकडून नीट चालत आली
आणि चतुःशृंगीच्या पायऱ्यांसारखी उतरली.

म्हणून यादी पुन्हा लिहिली.
ताडीवाला रोडच्या दोघींचं रॅप वर गेलं,
त्यातला ढोल आधी बरगड्यांत बसतो, शब्द मागून येतात.
एक सारंगी. पत्रा-गिटारी, माफी मागून.
एक मुलांची गाणी, नातीमुळे.

पहिला मात्र ललतच.
तानपुऱ्याची वरची झिलई गळून गेलीय,
पण दोन मध्यम अजून शेजारी शेजारी,
बोलणं टाकलेल्या भावांसारखे.

जोसेफ बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, कुकर लिही. सहावा.
तो नाही खोडणार.