एकोणीस नंबरचा बाक

चाव्या मिळाल्या तेव्हा भिंतीवरच्या फलकावर
शेवटच्या रविवारचे आकडे तसेच होते:
एकशे पाच, बेचाळीस, तीनशे एक.
सित्स्केनं विचारलं, हा कुणाचा फोन नंबर?
हिद्दे हसला. मला हसू आलं नाही,
नगरपालिकेचा कागद अजून हातात होता:
खिडक्यांच्या काचा बदलायच्या नाहीत,
घंटेला हात लावायचा नाही,
आणि आवारातल्या थडग्यांकडे जाणाऱ्याची
वाट अडवायची नाही. कधीही.

मार्चमध्ये फळ्या उचलल्या,
जमीन तापवणाऱ्या नळ्या टाकायच्या होत्या.
खाली निघाल्या केसांच्या पिना, एक दुधाचा दात,
बंद झालेल्या गिल्डरची चिल्लर,
आणि पेपरमिंटच्या गोळ्या, ओंजळभर,
दीडशे वर्षांच्या प्रवचनांत
बोटांतून निसटलेल्या, खडे झालेल्या.
फ्रिसलँडचा समुद्र आत घुसायचा तेव्हा
सगळं गाव याच टेकाडावर चढायचं म्हणे.
मला वाटलं होतं, खाली भीती सापडेल,
नाहीतर श्रद्धा.
सापडला कंटाळा, गोड वासाचा.

प्रवचनाच्या चौथऱ्यावर आता फ्रिज.
ऑर्गनच्या सज्जात आमचा पलंग.
न्हाणीघराला मात्र कोपराच मिळेना.
हिद्दे म्हणाला, या लोकांनी
सगळा भर आत्म्यावर दिलेला दिसतोय.

एक गोष्ट नकाशात नव्हती:
आवाज इथे पाच सेकंद राहतो.
जूनमध्ये हप्ता थकला, मी म्हणाले, "तुझ्यामुळे",
ते छताशी गेलं, तुळयांतून फिरलं,
दोघांच्याही डोक्यावर सारखंच उतरलं.
कुणाचं होतं, ओळखू येईना.
तेव्हापासून भांडायला आम्ही गाडीत जाऊन बसतो.

रविवारी विब्रेन येतो, चौऱ्याऐंशीचा.
एक्केचाळीस वर्षं घंटा ओढलेले हात.
बायको दक्षिणेच्या भिंतीशी आहे, तिसऱ्या रांगेत.
तिला भेटून तो आमचं दार ठोठावतो
(स्वतःच्या किल्लीनं उघडायची सवय मोडायला
त्याला अख्खा उन्हाळा लागला),
टोपी काढतो. मी कॉफी ठेवते.
सोफ्यावर नाही बसत. स्टूल ओढून
बरोब्बर भांडी धुण्याच्या यंत्रापुढे बसतो:
ही त्या दोघांची जागा. एकोणीस नंबरचा बाक.
यंत्र घरघरतं. तो मान खाली घालून ऐकतो,
अजून बरंच उरलंय असं.

मग खिशात हात.
एक पेपरमिंट सित्स्केला, एक मला.
तिची आज हातातून सुटली,
नव्या जमिनीवरून घरंगळत गेली
भिंतीलगतच्या फटीत, सुताराकडून राहून गेलेल्या.
मी वाकले नाही.