आलो

संस्थेत मॅडम म्हणायच्या,
शालन, बाईमाणसानं ‘आले’ म्हणावं, ‘आलो’ न्हवं.
एकोणीस वर्षं मी ‘आले’ म्हणत राहिले.
यायचं तरी कुठनं होतं?
कॉटवरनं व्हरांड्यात, व्हरांड्यातनं कॉटवर.

आता उत्तरेश्वर पेठेत, सुतारमामांच्या खालच्या खोलीत.
उंबऱ्यापुढं त्यांनी जुन्या दाराची फळी तिरकी ठोकलीय,
कडी अजून तशीच आहे तिला.
चाकं चढताना ती खळखळते,
आणि आत कुणी नसलं तरी मी म्हणतो,
आलो.

पहिल्या दिवशी दूध तापत ठेवलं.
माझा हात गॅसच्या बटणापर्यंत पोचायला
त्याचा त्याचा वेळ घेतो.
दुधाला कोण सांगणार?
ओट्यावरनं खाली, सगळ्या फरशीभर.
मामी दारातनंच म्हणाल्या,
असू दे, वास्तुशांत झाली म्हणायची!
पुसलं मी, सतरा नंबरच्या टॉवेलनं.

तो टॉवेल तेवढा तिथनं आणलाय.
लाल दोऱ्यानं शिवलेला आकडा.
चहा चारला, दिवा नऊला,
मोजणी साडेनऊला, अकराला परत.
सोळा हाय का? हाय.
सतरा हाय का? हाय.
हाय म्हणजे कॉटवर हाय.
खोटं कशाला बोलू, मारलं नाही कुणी,
उपाशी ठेवलं नाही.
सणाला देणगीदारांची जिलेबी यायची,
आम्ही खाताना ते फोटो काढायचे.
फक्त मीठ किती घालू,
हे एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

आता घालतो हाताला येईल तेवढं. रेहाना तोंड वाकडं करते.

परवा तिला घेऊन कपिलतीर्थाला गेलो.
भाजीवाली रेहानाला विचारते, ह्यांना काय पाहिजे?
रेहाना आभाळाकडं बघत उभी.
ठरलंय आमचं तसं.
माझा शब्द बाहेर पडायला
जिभेला अर्धी पेठ ओलांडावी लागते.
मागं गिऱ्हाईक खोळंबलं, स्कूटरनं हॉर्न दिला,
भाजीवालीनं तराजू खाली ठेवला.
पा
व
टा.
कोवळा द्या.
दिला जूनच!
दुसऱ्या दिवशी भांडायला परत गेलो.
इतकं बरं वाटलं.

भाऊ फोनवर म्हणतो, रात्री-बेरात्री पडलीस तर?
पडीन की.
तिथंही पडत होतो,
ते रजिस्टरला लिहायचे, एवढाच फरक.

सगळं सोपं नाही.
रविवारी रेहाना येत नाही,
मग संडासला मामींना हाक मारायची.
लाज गिळतो आणि मारतो.
रेहानाच्या पगाराला पेन्शन पुरत नाही.
महापालिकेत अर्ज दिला,
साहेब म्हणाले, संस्था असताना खोली कशाला?
म्हटलं, तेवढं लिहून द्या.
अजून दिलं नाही.

काल रात्री साडेदहाला गंगावेशीत गेलो.
रस्त्याकडंला म्हशी, धारेच्या दुधाला माणसं थांबलेली.
गवळ्यानं पेला विसळला,
रेहानाकडं न बघता मला विचारलं,
पाव का अर्धा?
मी मुद्दाम सावकाश सांगितलं.
तो थांबला.
फेस नाकाला लागला तो तसाच ठेवला घरापर्यंत.

आल्या आल्या यल्लूचा फोन. सोळा नंबर.
कुणाच्या तरी मोबाइलवरनं, चादरीत तोंड घालून.
शालन, तिथं दिवा किती वाजता घालवतात गं?
मी बटणाकडं बघितलं,
मामांनी माझ्या हाताच्या उंचीला खाली आणलेल्या.
म्हटलं, अजून ठरलं नाही.
ती हसली असावी.
मग पावलं वाजली, चादर सरकल्याचा आवाज.

सोळा हाय का?
हाय, यल्लू म्हणाली. मला नाही, त्यांना.
सतरा हाय का?

मी तोंड उघडलं होतं,
तोवर तिकडं कुणीतरी बारीक, नव्या आवाजात म्हणालं,
हाय.