हातचा

उद्या पहाटे बस. मजुरांच्या तिसऱ्या खोलीत अजून उजेड आहे,
आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर
यंदाच्या चेरीचा हिशेब मांडून बसलेय.
बागेच्या पाटीवर अजून ‘टॉलेफसन आणि मुलगे’ असंच आहे.
मुलगे कुणी नाहीत. मी आहे.

माणशी अर्ज, माणशी व्हिसा,
वकिलाचं बिल, त्यात त्याने मला फोनवर ‘कशा आहात’ विचारल्याचीही मिनिटं,
नायारितपासून याकिमापर्यंतची बस, वाटेतली जेवणं,
बावीस गाद्या.
प्लास्टिक काढलं नाहीत तर परत घेईन, दुकानदार म्हणाला होता.
काढलं. माणसं झोपणार होती त्यांच्यावर.

आधी जाहिरात द्यावी लागते,
जवळपासचं कुणी मिळतंय का म्हणून.
तिघं आले.
एकाने मोटारीच्या काचेतूनच शिडी पाहिली.
दुसरा दुपारी जेवायला गेला तो गेलाच.
तिसरी मार्लिस, बँकेतून काढलेली, नऊ दिवस टिकली.
तिला काय बोलू?
सतराव्या वर्षी मीही याच शिडीवरून उतरून
सिएटलची गाडी धरली होती.

तपासनीस टेप घेऊन आला.
दोन खाटांमधलं अंतर, खिडकीची जाळी,
नळाला गरम पाणी यायला किती वेळ.
एका खोलीत दोन इंच कमी भरले, म्हणून भिंत पाडली.
भिंतीचा खर्च लिहिलाय.
आतल्या फळीवर पेन्सिलीच्या रेघा निघाल्या,
पाचापाचाच्या जुड्या,
वडिलांच्या काळातल्या कुणीतरी मोजलेले दिवस.
ते कुठल्या रकान्यात घालायचे?

मग जूनच्या अठराला पाऊस.
पिकल्या चेरीच्या देठाशी पाणी साचतं,
फळ ते पीत राहतं आणि साल उकलते.
हेलिकॉप्टर बोलावलं, तासाच्या भाड्याने,
झाडांवर घिरट्या घालून पाणी झटकायला.
बावीस माणसं पडवीत उभी राहून
माझे पैसे हवेत गरगरताना बघत होती.
सेनोबिओने विचारलं, पायलटला तासाला किती मिळतात?
मी ऐकू न आल्यासारखं केलं.
त्या आवाजात ते खपूनही गेलं.

निम्मी बाग फुटली. न तोडताच सोडली.
तरी करारातल्या पाऊण तासांची मजुरी द्यायचीच,
काम असो, नसो.
वकील म्हणाला, पाऊण म्हणजे पाऊण.
रागावले मी, कबूल करते.
संध्याकाळी त्यांच्या पत्त्यांच्या डावातलं हसू ऐकू आलं
की मनातल्या मनात बावीसने गुणायची.

तेही गुणत होते, हे उशिरा कळलं.
यादीत नाव लागावं म्हणून
सेनोबिओने गावातल्या मुकादमाला पैसे मोजले होते.
व्याजाने काढून. भावाची मोटारसायकल गहाण.
आणि माझी सही आहे कागदावर, ठळक, निळ्या शाईत,
की असे पैसे कुणाकडूनही घेतले गेलेले नाहीत.
मला माहीत नव्हतं, खरंच.
विचारलंही नव्हतं.

पाऊण मजुरीतून व्याज वजा करून काय उरतं
ते त्याने हेलिकॉप्टरच्याच बिलामागे मांडून दाखवलं.
त्याच्या सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ असते.
उत्तरात एक सात होता. बाकी फारसं काही नव्हतं.

वडील बेरीज शिकवायचे याच टेबलावर.
हातचा धर, म्हणायचे,
तो विसरलीस तर आकडे सगळे बरोबर लिहूनही
उत्तर चुकेल.
स्वतः ते हातचे कधी लिहून ठेवत नसत.
बोटावर धरायचे, आणि बेरीज झाली की
बोट मिटून टाकायचे.

वकिलाचं पत्र आलंय: पुढच्या वर्षी तेच बावीस?
‘हो’ लिहिलं. लिफाफा अजून उघडा आहे.
मुकादमाची रक्कम मी वहीत उतरवून घेतलीय,
समासात, कुठल्याच रकान्यात नाही.
तिसऱ्या खोलीतला दिवा गेला.
पेन्सिलीचं टोक मोडलंय, आणि
सुरी शोधायला उठायचं
माझ्या जिवावर आलंय.