एक जानेवारी

वर्ष सरलं म्हणून संस्थेचा कागद आला.
किती तास दिलेत? किती कुटुंबं? गाडी किती मैल चालली?
तासांपुढे मी तीनशे बारा लिहिलं,
मग खोडलं.
दंतवैद्याच्या दारात पेंगले, ते तास धरायचे का?
आणि नाबिंतूच्या ओट्याशी मीच जेवत बसले,
ते कुणाच्या खात्यावर?

एकतीस वर्षं मी ल्युइस्टनमध्ये शाळेची बस चालवली.
वाटलं होतं, माणसं इकडून तिकडे न्यायची,
एवढंच तर काम.
गेल्या फेब्रुवारीत दार ठोठावलं
तेव्हा हातात सात कोट, सातही चुकीच्या मापाचे.
आत धूर, छताला किंचाळणारी डबी,
आणि खुर्चीवर चढून तिच्यावर टॉवेल फडकवणारा
नऊ वर्षांचा सितो.

पहिला महिनाभर मी मोठमोठ्यानं बोलायचे,
जणू ती सगळी बहिरी आहेत.
कुणीच हसलं नाही मला.
आता आठवलं की कानशिलं तापतात.

मार्चात गाडी बर्फात रुतली.
चाक जागच्या जागी गरगरलं,
आणि माझ्या तोंडून आईची शिवी गेली,
आईच्या फ्रेंचमधली,
जिला पुरल्यापासून ती भाषा मी कुणाशी बोलले नव्हते.
मागच्या सीटवरून नाबिंतू खो-खो हसली.
त्याच भाषेत म्हणाली,
"अगं, मग इतके दिवस हातवारे कशाला करत होतीस?"

आम्ही गिरणीत राबायला आलेल्यांची नातवंडं.
शाळेत फ्रेंच शब्द निसटला
की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.
हे तिला सांगितलं, तर तिनं गळ्यापाशी हात नेला:
तिच्या गावच्या शाळेत, किवू सरोवराकाठी,
फ्रेंच सोडून घरचा शब्द निसटला
की गळ्यात लाकूड अडकवायचे.
एकच भाषा.
वायपर चालू होते. आम्ही दोघी गप्प.
मग ढकलायला उतरलो.

सगळंच काही असं जमलं नाही.
आंगोलाचं ते कुटुंब जूनमध्ये न सांगता निघून गेलं.
मी दिलेला दिवा दाराबाहेर,
वायर नीट गुंडाळलेली.
बरेच दिवस मी त्या वायरीवर रागावलेली होते.

आणि तो फॉर्म, दवाखान्यातला:
नाबिंतू, इरागी, सिफा, सितो, धाकटी आमानी,
पाचही जणांचा जन्म एक जानेवारीचा.
मी आपली गंमत केली, मोठा मुहूर्त दिसतोय!
ती म्हणाली, छावणीतल्या कारकुनाला घाई होती.
सितो घेवडा फुलला होता तेव्हाचा.
सिफा पूल जळला त्या रात्रीची.
नवऱ्याच्या रकान्यात तिनं रेघ मारली नाही,
नावही लिहिलं नाही,
जागा तशीच ठेवली.

आज एक जानेवारी.
मी पाच नावांचा केक घेऊन गेले.
मेणबत्त्या विझवल्या आणि डबी पुन्हा किंचाळली,
सितो टॉवेल घेऊन धावला, आता खुर्ची लागत नाही त्याला.
इरागी खोलीतून बाहेर आला नाही.
दाराआडून, चक्क आमच्या इथल्या इंग्रजीत,
"आज माझा वाढदिवस नाहीये."

खरंच आहे त्याचं.
त्याचा तुकडा फॉइलमध्ये बांधून ओट्यावर ठेवला.
कुणीही कधीही खावा.

संस्थेचा कागद अजून गाडीतच आहे.
सकाळी आतून काच धुकटली होती,
ती पुसायला तेवढा कामी आला.